बारा किल्ल्यांची माहिती: टेबल की यादीत यादी?

कातळवाट

नमस्कार मंडळी,

आमच्या भटक्यांच्या गटासाठी एक पान तयार करतोय. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेले बारा किल्ले हा विषय: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी द्यायच्या आहेत. किल्ल्याचा प्रकार, जिल्हा, आणि संरक्षण कोणाकडे, म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे की राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. त्याखाली राजगडाची सविस्तर माहिती येईल, पुढे सवडीने बाकीच्यांची.

सध्या नेस्टेड लिस्ट केली आहे. वर प्रकार, त्याच्या आत जिल्हा, त्याच्या आत किल्ला, आणि किल्ल्याच्या नावापुढे कंसात संरक्षण. गटातला एक जण म्हणतो टेबल कर. दुसरा म्हणतो टेबल टॅग आता कोणी वापरत नाही, सगळं डिव्ह (स्वतःचा अर्थ नसलेला, नुसता डबा करणारा टॅग) आणि ग्रिडमध्ये करतात. पान कसं दिसेल हा माझा प्रश्न नाही, ते सीएसएसने (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेने) हवं तसं करता येईल. मार्कअप, म्हणजे टॅगांची रचना, अर्थाला धरून हवं आहे. पान बरीच वर्षं टिकावं अशी इच्छा आहे, म्हणून पाया आत्ताच नीट घालायचा आहे. जाणकारांनी सांगावं.

रात्रपाळी

यादीच ठेवा. तुमचे वाचक बहुतेक सगळे फोनवरून येणार, त्यातले निम्मे गडाच्या पायथ्याशी उभं राहून पान उघडणार. चार रकान्यांचं टेबल उभ्या फोनवर मावत नाही. मग अक्षरं बारीक होतात किंवा पूर्ण पानच आडवं सरकायला लागतं. यादी आपोआप वळते, काही करावं लागत नाही.

शाईपेन

'टेबल आता कोणी वापरत नाही' हे गटातल्या मित्राने अर्धवट ऐकलेलं दिसतंय. त्यामागची गोष्ट सांगतो.

यादीचे टॅग एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेत, अगदी सुरुवातीपासून आहेत. टेबल नंतर आलं. नोव्हेंबर १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये ते नव्हतं. मे १९९६ मध्ये त्याचा स्वतंत्र दस्तऐवज आला आणि जानेवारी १९९७ च्या ३.२ मध्ये ते रीतसर सामील झालं. त्या काळी पानाची मांडणी करायला दुसरं धड साधनच नव्हतं. सीएसएसची पहिली शिफारस डिसेंबर १९९६ ची, आणि ब्राउझरांनी ती नीट पाळायला पुढची कैक वर्षं घेतली. त्यामुळे लोक डावीकडे मेनू, मध्ये मजकूर, उजवीकडे जाहिरात असं सगळं टेबलात बसवायचे. टेबलात टेबल, त्यात आणखी टेबल. डिसेंबर १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ ने स्पष्ट लिहिलं की निव्वळ मांडणीसाठी टेबल वापरू नये, कारण पडद्यावर न दिसणाऱ्या माध्यमांत ते अडचणीचं ठरतं.

मनाई होती ती मांडणीसाठी. माहितीच्या टेबलाला कोणीही, कधीही हरकत घेतलेली नाही. पुढे मधला शब्द गळला आणि 'टेबल वाईट' एवढंच लोकांच्या तोंडी राहिलं. मी नव्या मुलांना शिकवतो. रेल्वेचं वेळापत्रक डिव्हमध्ये करून आणणारी मुलं दरवर्षी भेटतात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं. त्यांनी आळस केलेला नसतो. उलट टेबल टाळायला दुप्पट मेहनत घेतलेली असते.

मांडणीचं टेबल आज फक्त ईमेलमध्ये तग धरून आहे. विंडोजवरच्या आउटलुकने २००७ पासून मेल दाखवायला वर्डचं इंजिन वापरलं, त्यामुळे तिथे दुसरा इलाज राहिला नाही. तिथेही त्या टेबलाला प्रेझेंटेशन रोल (हे फक्त मांडणीसाठी आहे अशी खूण) द्यावा, म्हणजे स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) त्याला टेबल म्हणून वाचत नाही.

चौकटराणी

आता मूळ प्रश्नाकडे. कातळवाट, तुमची यादी कागदावर उतरवून बघा. वर प्रकार घेतला की पहिल्या गटात सहा डोंगरी किल्ले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड, जिंजी. प्रतापगड वनवेष्टित डोंगरी म्हणून वेगळा, पन्हाळा पठारी म्हणून वेगळा. विजयदुर्ग किनाऱ्यावरचा. खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग बेटांवरचे.

आता याच्या आत जिल्हा घाला. रायगड जिल्हा दोनदा येतो, डोंगरी गटात रायगडासाठी आणि बेटांच्या गटात खांदेरीसाठी. सिंधुदुर्ग जिल्हाही दोनदा, किनाऱ्याच्या गटात विजयदुर्गासाठी आणि बेटांच्या गटात सिंधुदुर्गासाठी. बरं, उलटं करू म्हणून जिल्हा वर घेतला, तर प्रकार फुटतात. डोंगरी किल्ले नाशिक, पुणे, रायगड आणि जिंजीचा विळुप्पुरम अशा चार ठिकाणी विखुरले. संरक्षण वर घेतलं तर? राज्याकडचे चार म्हणजे साल्हेर, राजगड, प्रतापगड, खांदेरी. तीन वेगवेगळे प्रकार, चार वेगवेगळे जिल्हे.

कुठूनही सुरुवात करा, दुसरी बाजू फुटतेच. नेस्टेड लिस्ट असं सांगते की आतली गोष्ट बाहेरच्या गोष्टीची आहे, आणि फक्त तिचीच आहे. तुमच्याकडे तसं नातंच नाही. किल्ल्याचा जिल्हा हा त्याच्या प्रकाराचा पोटभाग होत नाही. तिन्ही गोष्टी किल्ल्याच्या आहेत आणि एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. म्हणून टेबल. एका ओळीत एक किल्ला, एका रकान्यात एक गुण.

नर्मदाकाठ

मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. अशा पानांवरून माहिती उचलून मुलांना स्प्रेडशीटमध्ये देते. टेबल असेल तर निवडून चिकटवलं की प्रत्येक गोष्ट आपापल्या रकान्यात जाते आणि मुलं लगेच चाळणी लावून 'पुरातत्त्व सर्वेक्षणाकडचे किती' हे शोधू शकतात. यादी असेल तर सगळं एका रकान्यात उभं येतं आणि मला हाताने फोडत बसावं लागतं. कंसातला मजकूर तर फार त्रास देतो. माझं मत टेबलाला.

लाटगाव

तिसरा पर्याय कोणी सुचवला नाही म्हणून लिहितोय. डीएल म्हणजे डिस्क्रिप्शन लिस्ट. प्रत्येक किल्ल्याचं नाव हेडिंगमध्ये आणि खाली प्रकार, जिल्हा, संरक्षण अशा जोड्या. एचटीएमएल ५.२ पासून प्रत्येक जोडी डिव्हमध्ये गुंडाळायलाही परवानगी आहे, त्यामुळे फोनवर छान कार्डं करता येतात. रात्रपाळी यांची अडचणही सुटते.

चौकटराणी

लाटगाव, एकेका किल्ल्याचं स्वतंत्र पान असतं तर मीही डीएलच सुचवली असती. इथे बारा किल्ले एकत्र आहेत, आणि वाचक त्यांची तुलना करणार. बारा डीएल केल्या तर 'जिल्हा' हे लेबल बारा वेळा लिहिलं जाईल, आणि त्या बारा जिल्ह्यांचा एक रकाना आहे हे मार्कअपमध्ये कुठेच नोंदलं जाणार नाही.

स्वरवाचक

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे आणि संगणक एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर वापरतो. वर सगळे पान कसं दिसेल, कसं वळेल ते सांगताहेत. मी कसं ऐकू येईल ते सांगतो. कातळवाट यांनी मला निरोपातून दोन्ही मसुदे पाठवले, ते दोन्ही ऐकले.

आधी यादी. एल दाबलं की यादीवर जातो, आय दाबलं की पुढच्या घटकावर. ऐकू आलं: यादी, पाच घटक. बेटांवरचे किल्ले. आत यादी, तीन घटक. रायगड. आत यादी, एक घटक. खांदेरी. यादीच्या बाहेर. रत्नागिरी. आत यादी, एक घटक. सुवर्णदुर्ग. यादीच्या बाहेर. सिंधुदुर्ग. आत यादी, एक घटक. सिंधुदुर्ग. यादीच्या बाहेर.

दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, एका किल्ल्यासाठी मला 'आत' आणि 'बाहेर' इतक्या वेळा ऐकावं लागलं की किल्ल्याचं नाव त्यात हरवलं. दुसरी त्याहून मोठी. 'सिंधुदुर्ग' लागोपाठ दोनदा आलं. पहिला जिल्हा आणि दुसरा किल्ला हे तुम्हाला खोलीवरून, म्हणजे डावीकडे सोडलेल्या जागेवरून कळतं. मला पातळी मोजावी लागते. डोंगरी गटात 'रायगड' आणि लगेच 'रायगड' हेही तसंच. मी महाराष्ट्रातला आहे म्हणून अंदाज करू शकलो. बाहेरच्या माणसाला वाटेल यंत्राने तेच वाक्य दोनदा वाचलं.

आता टेबल. टी दाबलं: टेबल, तेरा ओळी, चार रकाने, आणि पाठोपाठ कॅप्शन. एवढ्यावरूनच कळलं की बारा किल्ले आहेत आणि प्रत्येकाबद्दल तीन गोष्टी आहेत. कंट्रोल, ऑल्ट आणि बाण धरून सिंधुदुर्गाच्या ओळीत उजवीकडे गेलो: 'प्रकार, बेटावरचा किल्ला.' आणखी उजवीकडे: 'जिल्हा, सिंधुदुर्ग.' शंकेला जागाच नाही. मग त्याच रकान्यातून वर गेलो: 'विजयदुर्ग, सिंधुदुर्ग.' पुन्हा वर: 'पन्हाळा, कोल्हापूर.' रकान्यातून जाताना किल्ल्याचं नाव आपोआप येतं, ओळीतून जाताना रकान्याचं नाव येतं. जे डोळ्यांनी एका नजरेत कळतं, ते मला दोन बोटांत कळलं.

हे जमलं कारण मसुद्यात पहिल्या ओळीतलं आणि पहिल्या रकान्यातलं प्रत्येक घर टीएच (शीर्षकाचं घर) होतं, आणि स्कोप (ते शीर्षक ओळीचं की रकान्याचं) दिलेला होता. बऱ्याच पानांवर वरची ओळ टीएच असते पण पहिला रकाना साधा टीडी (माहितीचं घर) असतो. तसं असतं तर संरक्षणाच्या रकान्यातून खाली येताना मला 'भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्य संचालनालय' एवढंच ऐकू आलं असतं. कोणत्या किल्ल्याचं, ते कळायला प्रत्येक ओळीत डावीकडे परत जावं लागलं असतं.

एक विनंती. पानाला भाषा मराठी असल्याचं लँग ॲट्रिब्यूटमध्ये लिहा, एमआर. ते नसलं की माझा इंग्रजी आवाज देवनागरीवर अडखळतो आणि मग टेबल काय, यादी काय, सगळं सारखंच होतं.

शाईपेन

स्वरवाचक यांचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, त्यांची हरकत नसेल तर.

स्वरवाचक

हरकत कसली, जरूर दाखवा. जमलं तर मुलांना एनव्हीडीए उतरवून घ्यायला सांगा. फुकट आहे. पडदा बंद करून स्वतःचं पान ऐकायला लावा.

रात्रपाळी

हे वाचून माझं मत बदललं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तरी फोनचा प्रश्न उरतोच. नेहमीचा तोडगा म्हणजे मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार लागू होणारा सीएसएसचा नियम) लावून अरुंद पडद्यावर टीआर (टेबलाची ओळ) आणि टीडीला डिस्प्ले ब्लॉक द्यायचं, म्हणजे ओळींची कार्डं होतात. तेवढं केलं की झालं ना?

चौकटराणी

नाही, नेमकं तेच टाळा. डिस्प्लेची किंमत बदलली की काही ब्राउझर टेबलाचा अर्थच काढून टाकतात. मार्कअपमध्ये टेबल आहे, पण स्क्रीन रीडरपर्यंत सुट्या मजकुराचे तुकडे पोचतात. क्रोमने हे नंतर बरंच सुधारलं, पण सगळीकडे ती खात्री नाही. डेस्कटॉपवर तपासलं तर सगळं ठीक, फोनवर मोडलेलं, आणि मोडलंय हे डोळस माणसाला कधी कळतच नाही. करायचंच असेल तर टेबल, रो, सेल, कॉलमहेडर हे सगळे ॲरिया रोल (स्क्रीन रीडरला घटकाचा अर्थ सांगणाऱ्या खुणा) हाताने परत लिहावे लागतात.

सोपा मार्ग असा. टेबल एका डिव्हमध्ये ठेवा, त्या डिव्हला आडवा ओव्हरफ्लो ऑटो द्या. मग फक्त टेबल सरकतं, पान जागेवर राहतं. त्या डिव्हला टॅबइंडेक्स शून्य द्या म्हणजे कीबोर्डने सरकवता येईल, रोल रीजन द्या आणि कॅप्शनशी जोडून नाव द्या. किल्ल्याच्या नावाचा रकाना पोझिशन स्टिकीने डावीकडे धरून ठेवला की उजवीकडे सरकलं तरी नाव समोर राहतं.

आणि खरं सांगायचं तर तुमचे रकाने मुळात चार आहेत, त्यातल्या तिघांत एक-दोन शब्द. संरक्षणाच्या रकान्यात पूर्ण नाव न लिहिता 'केंद्र' आणि 'राज्य' लिहा, कॅप्शनमध्ये खुलासा करा. बहुतेक फोनवर न सरकवता मावेल.

पायरीदगड

डोंगरी किल्ल्यांच्या सहा ओळी आहेत. 'डोंगरी' सहा वेळा लिहिण्यापेक्षा रोस्पॅन सहा देऊन एकच घर केलं तर? छापील पुस्तकात तसंच असतं.

चौकटराणी

छापील पुस्तकात शोभतं. इथे सहाही वेळा लिहा. जोडलेलं घर असलं की स्क्रीन रीडरागणिक वाचन बदलतं, नर्मदाकाठ यांच्या स्प्रेडशीटमध्ये पाच घरं रिकामी येतात, आणि उद्या कोणी जिल्ह्यानुसार क्रम लावला तर सगळं विस्कटतं. गट दाखवायचेच असतील तर प्रत्येक गटाला स्वतंत्र टीबॉडी (ओळींचा गट) करा आणि त्याच्या पहिल्या ओळीत टीएच, स्कोप रोग्रुप. पण पाचपैकी तीन गटांत एकच किल्ला आहे. एका किल्ल्यासाठी गटाचं शीर्षक कशाला?

कातळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. टेबल नक्की. आता दुसरा भाग, राजगड. टेबलाच्या उत्साहात मी तेही टेबलात घालायला घेतलं: माची, वास्तू, पोटवास्तू, टीप. पण निम्मी घरं रिकामी राहताहेत.

चौकटराणी

रिकामी घरं हीच खूण आहे. तिथे यादीच हवी. राजगडाला बालेकिल्ला आणि तीन माच्या. पद्मावती मंदिर पद्मावती माचीवर आहे, ते दुसऱ्या कुठल्या माचीत जाऊ शकत नाही. नेढं (कड्यातलं आरपार भोक) सुवेळा माचीवरच. इथे 'आतली गोष्ट बाहेरचीच' हे नातं खरं आहे. शिवाय तुमच्या पोटवास्तू धरल्या तर खोली सारखी नाही, एका ठिकाणी दोन पातळ्या तर दुसरीकडे तीन. टेबलाला सारख्या ओळी लागतात. यादीला लागत नाहीत.

राजगड
— पद्मावती माची
— — पद्मावती मंदिर
— — पद्मावती तलाव
— — चोर दरवाजा
— — सईबाईंची समाधी
— सुवेळा माची
— — नेढं
— संजीवनी माची
— — आळू दरवाजा
— बालेकिल्ला
— — महादरवाजा
— — जननी मंदिर
— — चंद्रतळे

मार्कअप करताना आतली यूएल (यादीचा टॅग) ही बाहेरच्या एलआयच्या (यादीतल्या घटकाच्या टॅगच्या) आत बसली पाहिजे, तो एलआय बंद होण्याआधी. पुष्कळ जण 'पद्मावती माची' चा एलआय बंद करतात आणि मग पुढची यूएल थेट बाहेरच्या यूएलमध्ये टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. पण यूएलची थेट मुलं एलआयच असावी लागतात, आणि तसं केलं की मंदिर माचीचं आहे हे नातंच तुटतं. व्हॅलिडेटर (मार्कअप तपासणारं साधन) ही चूक लगेच दाखवतो, एकदा पान त्यातून काढाच.

लाटगाव

आणखी एक. ठिपके नको म्हणून लिस्ट स्टाइल नन दिलंत तर सफारीमध्ये व्हॉइसओव्हर (ॲपलचा स्क्रीन रीडर) त्याला यादी म्हणून सांगत नाही. ॲपलने ते मुद्दाम केलंय. ठिपके काढायचेच असतील तर यूएलला रोल लिस्ट लिहा.

पायरीदगड

यूएल का? ओएल (क्रमवार यादी) का नाही? आम्ही चोर दरवाज्याने चढतो, तलावापाशी थांबतो, मग देऊळ, मग बालेकिल्ला. क्रम आहे.

शाईपेन

क्रम बदलला तर माहिती चुकीची ठरते का, एवढंच बघावं. गडावर काय काय आहे ही यादी असेल तर यूएल, तिथे क्रम कसाही चालतो. चढाईची वाट सांगत असाल तर ओएल, पण मग ती वेगळी यादी होईल. तिच्यात माच्यांनुसार गट पडणार नाहीत, कारण वाट माच्यांची वाटणी पाळत नाही. दोन्ही द्या.

ओएल केलीत तर आकडे देवनागरी करायला विसरू नका. सीएसएसमध्ये लिस्ट स्टाइल टाइप देवनागरी असं लिहिलं की १, २, ३ येतात. काहीही हाताने टाइप करायचं नाही. आणि १.१, १.२ असं पोटक्रमांकन हवं असेल तर काउंटर्स फंक्शन आहे, त्यालाही शैली म्हणून देवनागरी देता येते. मराठी पानांवर इंग्रजी आकड्यांच्या याद्या बघितल्या की मला चुटपुट लागते, कारण ही सोय कित्येक वर्षं ब्राउझरांत तयार पडलेली आहे.

नर्मदाकाठ

टेबलातून राजगडाच्या यादीकडे जाता येईल असं करा ना. मुलांना तेच लागतं.

कातळवाट

केलं. टेबलातल्या 'राजगड' या टीएचमध्येच दुवा दिला, तो खालच्या हेडिंगवर जातो. बाकीच्या किल्ल्यांची माहिती येईल तसे दुवे वाढवीन. संरक्षणाच्या रकान्यात आता 'केंद्र' आणि 'राज्य'. लँग एमआर टाकलं. राजगडाच्या दोन याद्या केल्या, एक यूएल आणि एक ओएल, दुसरी देवनागरी आकड्यांत. स्वरवाचक दादा, सवड मिळाली की एकदा ऐकाल का?

रात्रपाळी

माझ्या जुन्या पाच इंची फोनवर बघितलं. चारही रकाने न सरकवता मावतात. टेबलाला माझा विरोध होता तो याच जागी, आणि इथे तो उरत नाही.

स्वरवाचक

ऐकलं, आधी संगणकावर आणि मग फोनवर टॉकबॅक या स्क्रीन रीडरने. टेबल अगदी स्वच्छ. राज्याकडचे चार किल्ले मी शेवटच्या रकान्यातून सरळ खाली जात नावांसकट काढले, एकदाही मागे फिरावं लागलं नाही. राजगडाची यादीही छान. 'पद्मावती माची, आत यादी, चार घटक' ऐकल्यावर पुढे काय येणार ते आधीच कळतं, आणि नको असेल तर तेवढा भाग ओलांडून सुवेळ्यावर जाता येतं.

एकच राहिलं. जिंजीच्या जिल्ह्याच्या घरात तुम्ही 'विळुप्पुरम' लिहून पुढे बारीक अक्षरात तारांकन दिलंय, आणि 'तमिळनाडू' टेबलाच्या खाली टीपेत आहे. मला नुसतं 'विळुप्पुरम तारा' ऐकू येतं, आणि टीप शोधायला टेबलातून बाहेर पडावं लागतं. राज्याचं नाव त्याच घरात लिहा.

कातळवाट

लिहिलं: 'विळुप्पुरम, तमिळनाडू'. तारांकन आणि खालची टीप दोन्ही काढली. आता रायगडाची यादी घेतोय. बाजारपेठेच्या दोन रांगा हा वेगळा गट करावा की नाही, ते मसुदा झाला की इथेच विचारीन.